कोड तोच, घडी वेगळी: डीएनए किटला जे दिसत नाही ते दाखवणारं हाय-सी

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर मला एक फाइल पाठवली. तिच्या भाच्याच्या उजव्या हाताची दोन बोटं जन्मतःच जोडलेली आहेत. भावाचीही तशीच होती, लहानपणी ऑपरेशन करून सुटी केली. आता भाऊ आणि वहिनी दुसऱ्या बाळाचा विचार करतायत. भावाने ऑनलाइन एक डीएनए किट मागवलं, नळीत थुंकी भरून पाठवली आणि रिपोर्ट आला: काळजीचं काही नाही. मैत्रिणीचा मेसेज असा होता, "अरे, तू इंजिनिअर आहेस ना? ही रॉ फाइल आहे. एकदा बघ आणि सांग, रिपोर्ट क्लीन आहे म्हणजे पुढच्या बाळाला नाही ना होणार?"

मी फाइल उघडली. साधी टेक्स्ट फाइल, सहा-सात लाख ओळी, प्रत्येक ओळीत डीएनएमधली एक जागा आणि तिथली दोन अक्षरं. लॉग फाइलमध्ये एरर शोधावा तसं काहीतरी शोधायचं माझ्या डोक्यात होतं. दोन रविवार वाचन केल्यावर कळलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर या फाइलमधून मिळणारच नाही. का, ते समजून घेण्यासाठी आपल्याला डीएनएची अक्षरं सोडून त्याच्या घडीकडे बघावं लागेल.

"डीएनए म्हणजे कोड" हे अर्धंच खरं

आपण सगळे हे वाक्य बोलतो, मीही बोलायचो. माणसाच्या डीएनएचा एक संच म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली सुमारे ३१० कोटी अक्षरं. प्रत्येक पेशीत असे दोन संच, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या मजकुरात प्रथिनं बनवणारी वीसेक हजार जनुकं आहेत, पण प्रथिनांचा प्रत्यक्ष कोड एकूण अक्षरांच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतो.

आता गंमत बघा. तुमच्या त्वचेच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत हा मजकूर जवळपास एकच आहे. तरी एक त्वचा होते आणि दुसरी विचार करते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर अॅप एकच इन्स्टॉल केलंय, पण प्रत्येक फोनवर वेगवेगळी फीचर्स ऑन आहेत. मग कुठलं जनुक कुठे चालू आणि कुठे बंद, हे ठरतं कसं? याची अनेक उत्तरं आहेत. त्यातलं एक म्हणजे डीएनए दुमडलाय कसा.

टेनिस बॉलमध्ये बावीस किलोमीटरचा दोरा

एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. आणि तो राहतो पेशीच्या केंद्रकात, ज्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. ते केंद्रक टेनिस बॉलएवढं मोठं केलं, तर त्याच प्रमाणात डीएनएचा दोरा बावीसेक किलोमीटर होईल, म्हणजे साधारण दादर ते मुलुंड. आणि तो दोरा केसापेक्षाही बारीक असेल.

हा दोरा मोकळा नसतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचं एक छोटं रीळ असतं आणि त्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं पावणेदोन वेढे घेतात. मग थोडा मोकळा दोरा, पुन्हा रीळ. डीएनए, ही रिळं आणि त्यांना चिकटलेली बाकीची प्रथिनं या सगळ्यांना मिळून क्रोमॅटिन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात इंग्रजी एक्ससारखी दिसणारी गुणसूत्रं असतात ना, तो आकार फक्त पेशी विभागते तेव्हाचा. बाकी सगळा वेळ क्रोमॅटिन केंद्रकात पसरलेलं असतं. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर भांड्यातल्या शेवयांसारखं. पण ते तसं अस्ताव्यस्त नसतं, हाच या लेखाचा मुद्दा आहे.

दिवा इथे, स्विच दहा लाख अक्षरं लांब

सॉनिक हेजहॉग नावाचं एक जनुक आहे. हो, व्हिडिओ गेममधल्या सॉनिकवरूनच हे नाव ठेवलंय. गर्भात हाताची बोटं किती आणि कुठे येणार, हे ठरवण्यात या जनुकाचा मोठा वाटा आहे. हातापायांच्या कोंबात ते चालू करणारा स्विच मात्र जनुकाशेजारी नाही. तो तब्बल दहा लाख अक्षरं लांब, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या आत आहे. अशा स्विचना एन्हान्सर म्हणतात. या स्विचमधलं एखादं अक्षर बदललं तरी काही कुटुंबांत जास्तीचं बोट येतं, आणि तेव्हा सॉनिक हेजहॉग जनुक स्वतः अगदी ठणठणीत असतं.

दहा लाख अक्षरांवरचा स्विच नेमका याच जनुकापर्यंत पोचतो कसा? मधली इतर जनुकं का नाही चालू होत? ओढणीच्या दोन टोकांचं बघा. लांबीत ती एकमेकांपासून सगळ्यात लांब असतात, पण घडी घातली की एकावर एक येतात. डीएनएचंही तसंच असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. पण अंदाज वेगळा आणि मोजणं वेगळं. इतक्या बारीक धाग्याची घडी मोजायची कशी?

योब डेकर यांची युक्ती: फोटो नको, शेजारी सांगा

योब डेकर हे मूळचे नेदरलँड्सचे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये नॅन्सी क्लेकनर यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी थ्री-सी नावाची पद्धत शोधली. २००२ साली 'सायन्स'मध्ये तिचा शोधनिबंध आला आणि प्रयोग होता साध्या यीस्टवर. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, वूस्टरला, त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

युक्ती समजायला कोविडचे दिवस आठवा. आरोग्य सेतू अॅप ब्लूटूथने नोंद ठेवायचं की तुमच्या फोनजवळ कुठकुठले फोन आले होते. समजा माझ्याकडे एका कॉलेजमधल्या सगळ्या फोनच्या अशा याद्या आहेत आणि नकाशा अजिबात नाही. तरी मी सांगू शकेन की कोण एका वर्गात बसतं, कोण कॅन्टीनमध्ये एकत्र असतं आणि कुठले दोन गट एकमेकांकडे फिरकत नाहीत. कोण कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. कोण कुणाजवळ आहे एवढं पुरतं.

डेकर यांनी डीएनएला हाच प्रश्न विचारला. थ्री-सीमध्ये एका वेळी ठरावीक दोनच जागा तपासता यायच्या: ही आणि ती जवळ आहेत का? २००९ साली एरेझ लिबरमन-एडन, एरिक लँडर, लिओनिड मिर्नी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सगळ्या जागांची हजेरी एकदम घेणारी पद्धत मांडली. तिचं नाव हाय-सी.

हाय-सी चालतं कसं?

१. आहे तिथे स्टॅच्यू. लाखो पेशींवर फॉर्मल्डिहाइड टाकतात. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये बरणीतले नमुने ज्यात ठेवतात त्या फॉर्मॅलिनमधलंच हे रसायन. डीएनएचे जे भाग त्या क्षणी जवळ असतील ते प्रथिनांसकट एकमेकांना चिकटून राहतात.

२. कापणी. ठरावीक अक्षरं दिसली की तिथेच कापणारं एक एन्झाइम सोडतात. धाग्याचे तुकडे होतात, पण जवळजवळचे तुकडे चिकटलेलेच असतात.

३. खूण आणि जोडणी. कापलेल्या टोकांना बायोटिनची खूण लावतात आणि टोकं पुन्हा जोडतात. जे तुकडे शेजारी होते ते एकमेकांना जोडले जातात, मूळ मजकुरात ते कितीही लांब असले तरी.

४. वाचन. खुणेवरून फक्त जोडलेले तुकडे वेगळे काढतात आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं सीक्वेन्सिंग मशीनवर वाचतात.

५. मोजणी. इथून पुढे काम आमच्यासारख्यांचं. प्रत्येक टोक जीनोममध्ये कुठलं ते शोधायचं आणि एका मोठ्या तक्त्यात नोंदवायचं: जागा अमुक आणि जागा तमुक, भेटी इतक्या.

२००९ मध्ये दहा लाख अक्षरांचा एक कप्पा धरला होता. म्हणजे साधारण ३,००० गुणिले ३,००० चा तक्ता, ९० लाख चौकोन. लॅपटॉपवर सहज मावेल. हाच कप्पा एक हजार अक्षरांचा केला की चौकोन होतात ९ लाख कोटी! त्यातले बहुतेक रिकामे असतात म्हणून काम निभतं. २०१४ साली लिबरमन-एडन यांच्या गटाने माणसाच्या पेशींचा असा बारीक नकाशा काढला. त्यातल्या सगळ्यात दाट नकाशात ४९० कोटी भेटी नोंदलेल्या होत्या.

नकाशात काय दिसलं?

पहिली गोष्ट, केंद्रकात दोन मोठे विभाग असतात. चालू जनुकांचे भाग एकमेकांजवळ राहतात आणि बंद भाग आपापल्यात.

दुसरी गोष्ट, गाठी नाहीत. खिशात ठेवलेल्या वायरवाल्या इअरफोनचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण २००९ च्या आकड्यांशी जुळणारी घडी गाठी न पडता बसणारी होती, म्हणजे हवा तो भाग पटकन उलगडता येईल अशी.

तिसरी गोष्ट २०१२ मध्ये समोर आली. धागा अनेक वाड्यांमध्ये विभागलेला असतो. शास्त्रीय नाव टॅड, आपण वाडाच म्हणू. एका वाड्यातले भाग आपसात खूप भेटतात, शेजारच्या वाड्यातल्यांना फार कमी. स्विच आणि त्याचं जनुक बहुतेक वेळा एकाच वाड्यात असतात.

चौथी गोष्ट म्हणजे लूप. २०१४ च्या नकाशात सुमारे १०,००० लूप सापडले. हे लूप करतं कोण? कोहेसिन नावाचं कडीसारखं प्रथिन. सॅकचा पट्टा बकलमधून ओढला की मधला भाग फुगत जातो, तसं कोहेसिन धागा ओढत लूप मोठा करत जातं. सीटीसीएफ नावाचं प्रथिन वाटेत योग्य दिशेला तोंड करून बसलेलं असलं की कोहेसिन तिथे थांबतं. वाड्याची भिंत बहुतेक ठिकाणी अशीच उभी राहते. हे नुसतं मॉडेल नाही. २०१८ साली डेल्फ्टमधल्या गटाने कोहेसिनचंच भावंड असलेलं कंडेन्सिन डीएनए ओढून लूप बनवताना कॅमेऱ्यात पकडलं. वेग होता सेकंदाला १,५०० अक्षरांपर्यंत.

भिंत पडली आणि बोटं बदलली

आता येऊया बोटांकडे. बर्लिनमध्ये स्टेफान मुंडलोस यांचा गट अशा काही कुटुंबांचा अभ्यास करत होता ज्यांच्यात हातांची ठेवण पिढ्यान्‌पिढ्या वेगळी होती. कुणाची बोटं आखूड, कुणाची जोडलेली, कुणाला जास्तीची. २०१५ साली डारिओ लुपियान्येझ आणि सहकाऱ्यांचा निबंध 'सेल' या नियतकालिकात आला.

दोन नंबरच्या गुणसूत्रावर एका वाड्यात काही जोरदार स्विच आहेत. वाढत्या हातापायांत चालू होणारे. ते तिथल्या एफए-४ नावाच्या जनुकासाठी आहेत. शेजारच्या वाड्यांत पॅक्स-३, विंट-६ आणि आयएचएच ही जनुकं राहतात. ज्या कुटुंबात बोटं आखूड होती, तिथे डीएनएचा एक तुकडा गळाला होता आणि त्याबरोबर वाड्याची भिंतही गेली होती. भिंत गेल्यावर हाताचे स्विच पॅक्स-३ पर्यंत पोचले आणि ते जनुक नको तिथे, नको तेव्हा चालू झालं. जोडलेल्या बोटांच्या कुटुंबांत तुकडा उलटा बसला होता किंवा दुप्पट झाला होता, आणि त्याच स्विचांसमोर विंट-६ आलं होतं. जास्तीच्या बोटांच्या कुटुंबात आयएचएच.

लक्षात घ्या, पॅक्स-३ जनुकाचं एकही अक्षर बदललेलं नव्हतं. नुसतं ते जनुक वाचलं असतं तर शेरा मिळाला असता "नॉर्मल". बिघाड वायरिंगमध्ये होता.

ही जुळणी योगायोगाची नाही हे दाखवायला त्यांनी क्रिस्पर वापरून उंदरांमध्ये तसेच बदल केले. तिथेही जनुकं चुकीच्या जागी चालू झाली. आणि तुकडा काढून भिंत मात्र शाबूत ठेवली, तेव्हा पॅक्स-३ तसं चालू झालं नाही. डीबगिंगमध्ये आपण हेच करतो: एकच गोष्ट बदला, बाकी तीच ठेवा आणि बग राहतो का ते पाहा.

याचा एक धागा पुण्यातही आहे

हे सगळं परदेशातच चाललंय असं समजू नका. हाय-सी येण्याच्या दोन वर्षं आधी, २००७ साली, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून संजीव गलांडे यांच्या गटाचा निबंध 'नेचर सेल बायॉलॉजी'मध्ये आला. विषय होता सॅट-बी-१ हे प्रथिन. रोगप्रतिकारक टी पेशींमध्ये ते डीएनएचे लूप बांधून ठेवतं. पेशीचं ओळखपत्र बनवणाऱ्या जनुकांचा एक पट्टा आपल्या डीएनएत आहे. सॅट-बी-१ आणि पीएमएल ही दोन प्रथिनं मिळून त्या पट्ट्याची लूपमध्ये घडी घालतात, असं या गटाने दाखवलं. संसर्गाच्या वेळी शरीर इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप्या सोडतं. तो पेशींना दिला की घडी बदलते आणि त्यातल्या काही जनुकांचं कामही बदलतं. म्हणजे घडी एकदाच घालून ठेवलेली नसते, बाहेरच्या निरोपावर ती बदलू शकते. गलांडे यांना २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि पुढे पाषाणच्या आयसरमध्येही त्यांनी हे काम चालू ठेवलं.

मग घडी म्हणजेच सगळं का?

नाही. इथे थोडा ब्रेक लावायला हवा. २०१७ साली एका प्रयोगात पेशींमधलं कोहेसिन काढून टाकलं. सीटीसीएफच्या भिंतींमधले लूप नाहीसे झाले. सगळ्यांना वाटलं होतं, आता गोंधळ उडणार. पण बहुतेक जनुकांच्या कामात मोठा फरक पडला नाही, थोड्याच जनुकांत तो दिसला. म्हणजे प्रत्येक भिंत सारखीच महत्त्वाची नसते. एखादी पडली तर कुणाला कळतही नाही, आणि एखादी पडली की बाळाचा हात बदलतो. कुठली भिंत कुठल्या प्रकारची, हे शोधणं आजही चालू आहे.

पण घडीत माहिती असते यात शंका नाही. २०२४ साली सैबेरियात सापडलेल्या ५२,००० वर्षांपूर्वीच्या केसाळ मॅमथच्या त्वचेवर हाय-सीसारखीच पद्धत वापरली गेली. मॅमथला आजच्या हत्तींसारख्या गुणसूत्रांच्या २८ जोड्या होत्या हे कळलंच, शिवाय घडी इतकी टिकून होती की त्या त्वचेत कुठली जनुकं चालू होती याचाही अंदाज घेता आला. इतक्या वर्षांनी!

तर मैत्रिणीला मी काय सांगितलं?

भावाच्या किटने वाचल्या सहा-सात लाख जागा. ३१० कोटींपैकी. त्याही एकेकट्या अक्षरांच्या. एखादा तुकडा उलटा बसला असेल तर त्यातली अक्षरं तीच राहतात, फक्त क्रम फिरतो. अशा चिपला तो दिसतच नाही. त्यामुळे "काळजीचं काही नाही" याचा खरा अर्थ एवढाच होता: आम्ही जिथे बघितलं तिथे काही सापडलं नाही.

याचा अर्थ तिच्या घरात भिंतच पडली आहे असा नाही. बोटं जोडलेली असण्याची कारणं अनेक आहेत, साध्या एका अक्षराच्या बदलापासून ते अजिबात आनुवंशिक नसलेल्या कारणांपर्यंत. पण वडील आणि मुलगा दोघांनाही आहे, म्हणून हा प्रश्न किटवर सोडण्यासारखा नाही. बदल वडिलांकडून आला असेल आणि एकाच प्रतीने परिणाम होत असेल, तर सहसा प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, पहिल्या बाळाचं काहीही झालेलं असो. म्हणून मी तिला सांगितलं, "दादाला आणि वहिनींना जेनेटिक काउन्सिलरकडे जायला सांग. जाताना आजी-आजोबांपर्यंत कुणाकुणाची बोटं कशी होती ते लिहून ने. भाच्याच्या हाताचा एक्स-रेही ने. कुठली तपासणी करायची, ते त्यावरून ते ठरवतील."

"म्हणजे फाइलमध्ये काहीच नाही?" तिने विचारलं.

"फाइलमध्ये अक्षरं आहेत," मी म्हटलं, "घडी नाहीये."

पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट त्यांनी घेतली आहे. तुमच्याही घरात कुणी असा रिपोर्ट दाखवला तर निकाल वाचण्याआधी एक गोष्ट विचारा: यांनी नेमकं काय वाचलं, आणि काय वाचलंच नाही?